वाजती खुर्ची

अकराव्या स्लाइडला सासऱ्यांची खुर्ची वाजली. खाड्! पाठमोरे बोलता बोलता थांबले. भिंतीवरच्या आलेखावर ठेवलेलं बोट त्यांनी तसंच राहू दिलं आणि मान वळवून मागे पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. म्हणजे सासरे होते, पण तेही उभे, चपलेत पाय सरकवत. नव्या खुर्च्यांच्या तीन जागांच्या रांगेत सुरुवातीला बायको बसली होती आणि तिच्या शेजारी, भिंतीवर चित्रं दिसणार आहेत एवढंच ऐकून आलेल्या, मांडीवर भाजी निवडायची परात घेतलेल्या शेजारच्या काकू होत्या. आता तिन्ही खुर्च्या मिटून उभ्या होत्या. काकू परातीसकट गेल्या होत्या.

"त्या दोघी केव्हाच गेल्या," सासरे म्हणाले. "काकू सातव्याला, आमची लेक आठव्याला. मी आपला खुर्ची वाजेल म्हणून धीर धरून होतो. पण तुमच्या अकराव्यापुढे माझा इलाज चालत नाही, जावईबापू."

दुसरा कोणी असता तर मेल्याहून मेल्यासारखा झाला असता. पाठमोऱ्यांचा चेहरा मात्र उजळला. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "तू उठलीस ते मला कळलंसुद्धा नाही!"

बायकोने गॅस बारीक केला. वीस वर्षं शाळेत गणित शिकवणारी ती बाई. पोराने चुकीचं उत्तर मोठ्या अभिमानाने आणून दाखवलं की ती जशी बघते तशी तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि हे कौतुक आहे का, एवढंच विचारलं. पाठमोरे म्हणाले, कौतुकच आहे, खुर्चीचं. ती परत कढईकडे वळली. पालथ्या घड्यावर किती पाणी घालायचं यालाही काही मर्यादा असते.

पाठमोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. ते नाट्यगृहांच्या खुर्च्या करणाऱ्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या वर्कशॉपने हे नाव त्यांना ठेवलं होतं, कारण चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की हा माणूस पडद्याकडे तोंड करायचा आणि शेवटपर्यंत पाठ वळवायचा नाही. पाठ केलेलं नीट यायचं, आवाजही खणखणीत होता. फक्त समोर माणसाचा चेहरा आला की जीभ टाळूला चिकटायची. भिंतीशी बोलताना ते एखाद्या वकिलाला भारी पडले असते. पण खुर्च्या विकत घेणारी माणसं भिंतीच्या विरुद्ध बाजूला बसतात, त्याला ते काय करणार?

खरं तर बोलणं हे त्यांचं कामच नव्हतं. ते हाताने काम करणारे. नाट्यगृहात माणूस उठला की खुर्चीची बैठक स्प्रिंगने वर जाऊन आपटते, हा आवाज त्यांना लहानपणापासून खुपायचा. तीन वर्षं आणि एक्केचाळीस स्प्रिंगा खर्ची घालून त्यांनी दाराला असतं तसं तेलाचं एक बोटभर नळकांडं खुर्चीच्या बिजागरीत बसवलं. आता माणूस उठला की बैठक झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तशी हळूच वर जायची. अगदी कानोकान खबर नाही. मालकांनी तिचा साचा करून घेतला आणि मग जगात कुठल्याही मालकाला सुचते तीच कल्पना त्यांना सुचली, की ज्याने खुर्ची केली त्याच्याइतकं तिच्याबद्दल कोण चांगलं सांगणार?

पाठमोऱ्यांनी तीन ठिकाणी सांगितलं. तिन्ही ठिकाणी लोकांनी चहा पाजून परत पाठवलं. मग मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की आता शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या सातशे खुर्च्या बदलायच्या आहेत, ही शेवटची संधी. हीही गेली तर साचा मोडीत काढायचा आणि पुन्हा आपल्या जुन्या वाजत्या खुर्च्या करायच्या. निदान त्या विकताना भाषण लागत नाही. साचा मोडीत काढायचा हे ऐकल्यावर पाठमोऱ्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नोकरीचं त्यांना एवढं वाटलं नसतं.

म्हणून घरचा सोफा गॅलरीत गेला होता आणि दिवाणखान्यात नमुन्याची रांग आली होती. रोज संध्याकाळी पडदे ओढून तालीम. चोवीस स्लाइडी होत्या. पहिल्या चार स्लाइडींत माणूस दगडावर कसा बसायचा इथपासून सुरुवात होती. नमनालाच घडाभर तेल. बायकोने त्या चार काढायला सांगितल्या तर पाठमोरे म्हणाले, मग नळकांड्याचं महत्त्व कसं कळणार? अकरावी त्यांची सगळ्यात लाडकी होती, स्प्रिंग कालांतराने कशी थकते त्याचा आलेख. त्या आलेखावर बोट फिरवताना त्यांचा गळा दाटून यायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे जड व्हायचे.

बायकोने हरतऱ्हेने करून पाहिलं. वर्गाकडे पाठ केली की मागून खडू येतो, हे तिचं पहिलं तत्त्व. तिने रांगेतल्या खुर्च्यांवर कुंड्या ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघून बोलायला लावलं, ते जमलं. मग कुंडीला चष्मा घातला; तेही कसंबसं जमलं. मग कुंडी उचलून ती स्वतः बसली, तर पाठमोरे तिसऱ्याच वाक्याला गर्रकन भिंतीकडे वळले. ती म्हणाली, अहो, आपल्या लग्नाला बावीस वर्षं झालीत. भिंतीकडे बघूनच ते म्हणाले की म्हणूनच जास्त भीती वाटते.

राहता राहिले सासरे. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते, आणि येताना सामान म्हणून एक ट्रंक आणि एक खुर्ची घेऊन आले होते. खुर्ची नाट्यगृहाची. त्याच नाट्यगृहाची, जिथे आता सातशे नव्या बसायच्या होत्या. सासरे तिथे अडतीस वर्षं द्वारपाल होते. हातात बॅटरी, खांद्यावर चौकड्यांचा मोठा रुमाल. लोकांना जागा दाखवायची, तिसरी घंटा झाली की दार लावायचं आणि बाहेर स्टुलावर बसायचं. निवृत्त होताना काय हवं असं विचारलं तेव्हा सगळे भिंतीवरचं घड्याळ मागतात. यांनी शेवटच्या रांगेतली सतरा नंबरची खुर्ची मागितली. तिच्या जागी मग एक प्लास्टिकची खुर्ची आली, आणि गेली नऊ वर्षं रोज कुणीतरी एक प्रेक्षक तिकीट हातात धरून आपण कुणाचं काय वाईट केलं असा विचार करत त्या प्लास्टिकवर बसत होता.

या सासऱ्यांची नाटकधंद्यात एक वेगळीच पत होती. बंद दाराबाहेर बसून ते आत किती खुर्च्या वाजल्या ते मोजायचे. दुसऱ्या अंकात पाचापर्यंत वाजल्या तर नाटक चालणार. अकरा वाजल्या तर महिनाभरात उतरणार. वर्तमानपत्रातले टीकाकार चुकायचे, सासरे नाही. मोठमोठे निर्माते प्रयोग संपल्यावर हळूच बाहेर येऊन त्यांना विचारायचे, आज किती वाजल्या? आणि सासरे जो आकडा सांगतील तो ऐकून कुणी हार मागवायचा, कुणी टॅक्सी.

त्यामुळे मुक्या खुर्चीला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. जावयाचं काम म्हणून ते उघड टाकून बोलत नसत, पण त्या रांगेत एकदाही बसले नाहीत. आपली सतरा नंबरची खुर्ची तिच्या मागे मांडायचे आणि तिच्यावरूनच ऐकायचे. एकदा पाठमोऱ्यांनी न राहवून विचारलंच, की बाबा, लोकांना त्रास होतो त्या आवाजाचा, तुम्हाला एवढं प्रेम कसलं त्याचं?

"टाळ्यांचं काय हो," सासरे म्हणाले. "शेजारचा वाजवतो म्हणून माणूस वाजवतो. खुर्ची मात्र ज्याची त्याची असते. प्रेक्षक तोंडाने कधी खरं बोलतो का? तो खुर्चीने बोलतो. तुम्ही त्याची तीच बोलती बंद करताय."

पाठमोऱ्यांना हे पटलं नाही. पण सासऱ्यांची खुर्ची रोज अकराव्याला वाजते हे मात्र त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. बाकीचे कोणी उठोत, त्यांना कळतच नव्हतं. ही एकच खुर्ची अशी होती की जिचा खाड्कन आवाज थेट पाठीत यायचा. एकदा, फक्त एकदा सासरे चोविसाव्यापर्यंत बसले तर आपण ही सातशेची लढाई मारली, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. हे त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, मग स्लाइडी कमी करा. ते म्हणाले, तो प्रश्न वेगळा.

आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटची तालीम झाली. बायको शाळेचे पेपर घेऊन बसली होती, ती सहाव्याला उठून आत गेली असावी. काकू आल्याच नव्हत्या. पाठमोरे भिंतीकडे तोंड करून दहाव्यापर्यंत आले. अकरावी लावली. आलेखावर बोट ठेवलं आणि नेहमीच्या जागी त्यांचे खांदे आपोआप वर झाले, आवाज आता येणार म्हणून. आवाज आला नाही. ते पुढे बोलले. बारावी. तेरावी. पंधराव्याला त्यांच्या आवाजात असं काही बळ आलं की पलीकडच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायला लागलं. विसाव्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चोविसावी संपली, "धन्यवाद" हा शब्द भिंतीवर उमटला आणि ते जीव मुठीत धरून वळले.

सासरे सतरा नंबरवर बसलेले होते. हाताची घडी, पाय जुळवलेले, श्वास जरासा फुललेला. पाठमोऱ्यांना वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

"बसलात तुम्ही," पाठमोरे म्हणाले.

"बसलोय की," सासरे म्हणाले.

त्या दिवशी पाठमोऱ्यांना किती दिवसांनी निवांत झोप लागली. सकाळी ते नवा शर्ट घालून निघाले तेव्हा सासरे दारापर्यंत आले, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले की माझा वशिला लावता आला असता तर लावला असता, पण द्वारपालाचा वशिला दारापुरताच. मग जरा थांबून म्हणाले, आणि अधूनमधून मागे बघा. पाठमोरे हो म्हणाले. ते त्यांनी ऐकलं मात्र नव्हतं. त्यांच्या कानात अजून कालची शांतता होती.

नाट्यगृहाची बैठकीची खोली वरच्या मजल्यावर होती. जाड सतरंजी, जाड पडदे, दार मागच्या बाजूला. नमुन्याच्या दोन रांगा, त्यातली एक घरची, सकाळीच तिथे बसवून ठेवल्या होत्या. समितीने त्याच खुर्च्यांत बसून ऐकायचं, ही पाठमोऱ्यांचीच अट. समितीत पाचजण होते. अध्यक्षबाई पुढच्या रांगेत एकट्याच बसल्या, कारण त्यांच्या शेजारी बसायची हिंमत कोणी करत नसे. मागे डॉक्टर, वकील आणि एक इमारतीचे कंत्राटदार. आणि दारालगत जादा टाकलेल्या मुक्या खुर्चीत एक म्हातारे नट, ज्यांना सगळा गाव चेहऱ्याने ओळखत होता. मालक म्हणाले, मी असलो की तुम्ही जास्त घाबरता, मी बाहेर चहाच्या टेबलापाशी थांबतो. मालकांची ही उदारता त्यांना लवकरच महाग पडायची होती.

दिवे घालवले. पाठमोऱ्यांनी पाचही चेहऱ्यांकडे मिळून अर्धा क्षण पाहिलं, नमस्कार केला आणि ते भिंतीकडे वळले. आणि मग ते बोलले, अहो, काय बोलले! माणूस दगडावर बसला, लाकडावर बसला, गादीवर बसला. स्प्रिंग जन्मली, वयात आली, थकली. अकराव्याला मागून काही वाजतंय का म्हणून त्यांचे खांदे पुन्हा वर झाले. काही वाजलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढे तल्लीन होऊन ऐकणारे श्रोते त्यांना जन्मात मिळाले नव्हते. बावीस, तेवीस. चोविसाव्याला ते ठरवलेलं वाक्य म्हणाले, की या पाऊण तासात तुमच्यापैकी कुणी उठलं असेल, बसलं असेल, पण आपणा कुणालाच त्याचा त्रास झाला नाही. आणि ते दिमाखात वळले.

सहाच्या सहा खुर्च्या मिटलेल्या होत्या. दारालगतची जादाचीही.

पाठमोरे बघतच राहिले. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत होता. आधी त्यांना खरोखर वाटलं की खोली चुकली. मग खरं काय ते कळलं. पहिल्यांदा आठवला तो साचा. मग सासरे, चपलेत पाय सरकवत उभे असलेले. पाऊण तास. केव्हा गेले? सातव्याला? अकराव्याला? एक जरी खुर्ची वाजली असती तरी आपण थांबलो असतो, दिवे लावले असते, हात जोडून काय हवंय ते विचारलं असतं. पण वाजणार कशी? तीन वर्षं आपणच तिच्या तोंडावर हात धरून बसलो होतो.

बाहेरच्या व्हरांड्यात काय घडलं ते मालकांनी नंतर सांगितलं. आधी डॉक्टर बाहेर आले, फोन कानाला लावून. मालकांनी हसून चहा दिला. मग कंत्राटदार आले; मालकांनी बिस्किटं दिली. वकील आले तेव्हा मालक हसायचे थांबले. नट आले तेव्हा मालकांच्या हातातली बशी हलायला लागली होती. चौघं चहा घेत उभे होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला हेच सांगत होता की मी एकटाच सटकलोय, बाई आत बसल्यात म्हणजे काही बिघडत नाही. एवढ्यात दार हळूच उघडलं आणि पाय न वाजवता खुद्द अध्यक्षबाई बाहेर आल्या. मागच्या चौघांना दिसू नये म्हणून त्या अंधारात वाकून आल्या होत्या. ताठ झाल्या तर चौघं समोर उभे, हातात कप.

पाठमोऱ्यांनी दार उघडलं तेव्हा या पाचजणांत पहिला कोण उठला यावरून वाद चालला होता. त्यांना पाहताच सगळे आपापल्या कपात बघायला लागले. डॉक्टरांनी कुणाचा फोन आलेला नसताना फोन कानावरून काढून खिशात ठेवला. मालक भिंतीला टेकून उभे होते.

"मी पुढे बसले होते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्या मागून चार माणसं उठून गेली आणि मला पत्ता नाही. वीस वर्षं मी या नाट्यगृहात खुर्च्या आपटताना ऐकतेय. सातशे कधीपर्यंत मिळतील?"

मालकांच्या अंगात प्राण परत आला. ते तोंड उघडणार तोच पाठमोरे पुढे झाले. बाईंच्या हनुवटीला बिस्किटाचा एक कण लागलेला होता. त्या कणावर त्यांची नजर जी बसली ती बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते समोरच्या माणसाकडे बघून बोलले.

"बाई, त्याआधी एक सांगू द्या. तुम्ही गेलात ते मला कळलं नाही. कळलं असतं तर मी अकराव्यालाच थांबलो असतो. मी एका दिवसापुरता उभा होतो. तुमच्या रंगमंचावर रोज कुणीतरी उभं राहणार. त्याला कळायला नको?"

मालकांना खोकल्याची अशी उबळ आली की वकिलांनी त्यांची पाठ चोळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हातात आलेली ऑर्डर, आणि हा माणूस आपल्याच खुर्चीची खोड सांगतोय! पण बाईंचं मालकांकडे लक्ष नव्हतं. त्या नटाकडे बघत होत्या. म्हाताऱ्या नटाने कप खाली ठेवला.

"खरंय त्यांचं," तो म्हणाला. "तिसरी खुर्ची वाजली की मी दोन पानं गाळायचो. नाटक तरून जायचं." मग थोडा विचार करून म्हणाला, "पहिली रांग जुनीच ठेवा. तिथे पासवाले बसतात. सगळ्यांत आधी तेच उठतात, आणि ते उठलेले सगळ्यांना कळायलाच हवेत."

यावर कंत्राटदार एवढे हसले की चहा फरशीवर सांडला. बाईंनी पहिल्या रांगेच्या बावीस खुर्च्या वाजत्या आणि बाकीच्या सगळ्या मुक्या असं जागच्या जागी लिहून घेतलं. साचा वाचला. गाडीत मालकांनी आधी बोटांवर ऑर्डरचा हिशेब केला. शेवटी म्हणाले की पुढच्या वेळी असं करू, आत नुसत्या खुर्च्या मांडू आणि बाहेर चहा ठेवू, बोलायचं कशाला?

पाठमोरे घरी आले तेव्हा दुपार कलली होती. बायको शाळेत, सासरे फिरायला गेलेले. दिवाणखान्यात रांग नव्हती, ती नाट्यगृहात गेली होती. नुसती सतरा नंबरची खुर्ची उभी होती. सासऱ्यांना काय काय सांगायचं ते मनात जुळवत ते तिच्यावर बसले. त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. बाबा, तुमचंच खरं होतं, अशी सुरुवात करावी असं त्यांनी ठरवलं. मग पाणी प्यायला उठले आणि दोन पावलं गेल्यावर थबकले.

खुर्ची वाजली नव्हती.

कारागीरच तो. पाणी राहिलं बाजूला. त्यांनी बैठक खाली दाबली आणि सोडली. वर गेली, मऊ, पार मुकाट. पुन्हा दाबली. तेच. ते गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून बिजागरीत डोकावले आणि दोन बोटं आत घातली. बैठक जिथे येऊन आपटते नेमक्या त्या खाचेत चौकड्यांचा रुमाल होता. चौपदरी घडी घालून, कडा आत दुमडून, बाहेरून दिसू नये असा नीट ठासलेला. तीन वर्षं आणि एक्केचाळीस स्प्रिंगा; सासऱ्यांनी एका रुमालात काम उरकलं होतं.

मग त्यांना तो फुललेला श्वास आठवला. जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. आणि सकाळी शर्टाच्या टोकाने पुसलेला चष्मा. पाठमोरे रुमाल हातात घेऊन जमिनीवरच बसून राहिले. राग यायला हवा होता, तो आला नाही. ज्या माणसाने अडतीस वर्षं मोठमोठ्या निर्मात्यांना तोंडावर खरा आकडा सांगितला, त्याने आयुष्यात एकदाच खुर्चीचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही जावयासाठी. पाठमोऱ्यांचा गळा अकरावी स्लाइड नसतानाही दाटून आला. त्यांनी रुमाल उलगडला, तेलाचे डाग बघितले आणि तो न्हाणीघरात बादलीत भिजत टाकला.

सासरे आले ते दारातूनच जावयाचं तोंड वाचत आले. काही विचारण्याआधी त्यांनी चपला काढल्या, येऊन आपल्या खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले.

"किती वाजल्या?"

"एकही नाही," पाठमोरे म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे सगळे बसले होते?"

"सगळे गेले होते."

आणि मग पाठमोऱ्यांनी गॅलरीतला स्टूल आणला, सासऱ्यांच्या समोर दोन हातांवर मांडला, त्याच्यावर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिंत त्यांच्या पाठीशी होती. मिटलेल्या सहा खुर्च्या, मालकांची हलणारी बशी, वाकून बाहेर आलेल्या बाई, हनुवटीवरचा कण, पासवाले. सासरे आधी काळजीने ऐकत होते, मग कान देऊन, मग डोळे पुसत हसत. रुमालासाठी त्यांचा हात एकदा खांद्याकडे गेला आणि रिकामा परत आला. मध्ये बायको शाळेतून आली, दाराशीच थांबली आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून तिने नवऱ्याला एका माणसाच्या तोंडाकडे बघून अर्धा तास बोलताना पाहिलं. गोष्ट संपेपर्यंत खुर्ची वाजली नाही.

"बरं झालं," शेवटी सासरे म्हणाले. "फार बरं झालं." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

खाड्!

सासरे जागच्या जागी थांबले. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"रुमाल भिजत टाकलाय," पाठमोरे म्हणाले. "उद्यापर्यंत वाळेल."

 सासरे पुन्हा आपल्या जागेवर बसले आणि लेकीला म्हणाले, चहा टाक, आणि जावयाला म्हणाले, ते वाकून बाहेर आलेल्या बाईंचं परत एकदा सांगा.